पोटरी

शलाका धुरी कुडाळला गेली ती परत आलीच नाही.
वडील टेम्पो घेऊन आले. गादी गेली, मिक्सर गेला,
कपाट राहिलं.
किल्ली तिने माझ्या डब्यात ठेवली, पोळीखाली,
आणि चिठ्ठी: तिघी आहेत. पाणी कमीच घाल.

घणसोली गावठाण, दुसरा मजला.
पत्र्याचं कपाट, आतून चंदेरी कागद,
वर दिवा, मागे जुन्या संगणकातला पंखा
जो पहाटे पहाटे कण्हतो.
मी यातलं काही ओढत नाही. मला चहानेसुद्धा धडधडतं.
पण तिसऱ्या दिवशी पानं लोंबली
आणि मी पाणी घातलं, एवढंच.
गुन्ह्याची सुरुवात स्टीलच्या पेल्याने झाली.

अठरा तास उजेड. त्यांना वाटत असणार
मे महिना संपतच नाही.
सात बोटांची पानं, आठवड्याला वीतभर.
शेंडे दिव्याला टेकले तेव्हा
सुतळीने बांधले, वाकवून,
शाळेत जाताना आई माझे केस बांधायची तसे करकचून.
शेजारच्या नाईकबाईंना वास आला.
घूस मेली असेल कुठेतरी, त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, असेल.

मग शलाकाचा मेसेज, एका ओळीचा:
आता त्यांना रात्र दे. पुरते बारा तास.

रात्र कुठून आणू?
खिडकीसमोर हायमास्ट, त्याच्यामागे पेट्रोल पंप,
आणि मी स्वतः नऊ ते सहा महापेला, डेटा सेंटरमध्ये,
जिथे दिवा गेला तर माणसं नोकरीवरून जातात.
म्हणून कपाटाची रात्र मी सकाळी आठला केली.
दिवा बंद, फटीवर शाल,
पंख्याच्या चार्जरचा हिरवा ठिपका होता, त्यावर टिकली लावली.
खाली भंगारवाला, समोर शाळेची प्रार्थना,
वरच्या मजल्यावर कुणी फरशी कापतंय.
आम्ही चौघी झोपतो.

दहाव्या दिवशी पेरांपाशी पांढरे केस आले,
दोन दोन,
म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीवर येतात तसे.
एकीला मात्र गोळे. बारीक, घोसाने.
फोटो पाठवला.
नर आहे, शलाका म्हणाली. उपट. आजच.
आठ आठवडे मी त्याच्याशी बाई समजून बोलले होते.
त्याला माझा पगार माहीत होता.
उपटला. मुळांनी कुंडीचाच आकार घेतलेला.
ओल्या कचऱ्यात, कोथिंबिरीच्या काड्यांखाली.

काल भर दुपारी धर्मीबाय म्हात्रे
लाइटबिल घेऊन वर आल्या. तेवीसशे.
एकट्या पोरीचा?
मी अर्धी झोपेत. त्या पंख्याच्या आवाजामागे गेल्या,
अंड्यावर बसलेली कोंबडी शोधावी तशा,
आणि कपाट उघडलं.
दुपार सगळी आत सांडली.

बराच वेळ बघत राहिल्या. हात लावला नाही.
मग म्हणाल्या, रस्त्याला पयले दिवे लागले ना,
त्या साली आमचा भात सगला पिवला झाला.
खांबाखालचा तेवढा हिरवाच रेला.
पोटरीलाच नाय आला गो.
बापूस बोलला, याला कोन झोपूच देत नाय.

ती जमीन कुठे, मी विचारलं.
त्यांनी खिडकीबाहेर हनुवटी उडवली.
पेट्रोल पंप.

शनवारपर्यंत काढ हे, त्या म्हणाल्या.
माजा नातू पोलिसान हाय.
कपाट लावलं. शाल सारखी केली.
खालून उजेडाची एक रेघ आत जात होती,
ती त्यांना दिसली.
पायपुसणं अंगठ्याने सरकवून
तिथे दाबलं, आणि गेल्या.

फुलांना अजून पाच आठवडे हवेत.
शनिवारला चार दिवस.
बिल भरलं.
संध्याकाळी आठला त्यांची सकाळ केली,
डबा भरला, टिकली कपाळाला लावायला गेले तर
पाकिटात एकही नव्हती.